कूलर हवा, पण गाजावाजा नको

घरातला जुना संगणक तापतो, त्याचा पंखा घरघरतो आणि शेजारी झोपलेल्यांची झोप मोडते. नवा संगणक घेण्याआधी प्रोसेसरचा कूलर बदलून पाहण्यासारखा आहे. मात्र तो निवडायचा कसा?

भिलाईत 'कूलर' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा कूलर. मार्च सरता सरता तो माळ्यावरून खाली उतरतो आणि पाऊस सुरू होईपर्यंत घरातल्या माणसाइतकाच त्याचाही मान असतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की त्याच्यावाचून दुपार निघत नाही. पण त्याच घरात, टेबलाखालच्या पेटीत, आणखी एक लहानसा कूलर वर्षाचे बारा महिने फिरत असतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते तो घरघरायला लागल्यावरच.

सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ही घरघर किरकोळ राहत नाही. ज्या खोलीत संगणक, त्याच खोलीत रात्री आजी-आजोबांची खाट पडते. कारखान्यात तीन पाळ्या. घरातले कोणी रात्रपाळी करून सकाळी झोपते, तर मुलांचा अभ्यास रात्री अकरानंतर रंगतो. 'बंद कर रे ते यंत्र' आणि 'बाबा, उद्या सबमिशन आहे' या दोन वाक्यांत घरातली शांतता अडकते. मग कोणीतरी सुचवते, 'जुना झाला, भंगारात द्या.' जुना झालेला असतो तो बहुधा दोन-तीनशे रुपयांचा पंखा, आणि भंगारात जातो तो अख्खा संगणक.

उष्णता येते कुठून?

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याला जेवढी वीज मिळते, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. १९९३च्या सुमारास आलेले पहिले पेंटियम प्रोसेसर १५-१६ वॉटचे होते. लहानशा पंख्यावर त्यांचे भागत असे. २००४ सालच्या पेंटियम ४ ची मजल ८४ ते ११५ वॉटपर्यंत गेली. त्या काळचे संगणक दुपारी सुरू केले की खोलीत विमान उतरल्यासारखा आवाज होई, त्याचे कारण हेच. २००६मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि आकडा पुन्हा ६५ वॉटवर उतरला.

६५ वॉट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी ऊर्जा. ऐकायला थोडी वाटते, पण ती बाहेर पडते एक ते दीड चौरस सेंटीमीटरच्या चकतीतून. तेवढ्याच जागेपुरता हिशेब केला तर इस्त्रीच्या तळातूनही इतकी उष्णता निघत नाही. ती वेळेवर काढून नेली नाही तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो किंवा संगणक बंद पाडतो. २००१च्या आसपासच्या काही एएमडी ॲथलॉन प्रोसेसरमध्ये हे संरक्षण नीट नव्हते. कूलर निखळला तर ते काही क्षणांत जळून जात. आज घराघरांत असलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या संगणकांत तो धोका नाही, पण तापलेला संगणक रडतखडत चालतो हे खरे.

ही गोष्ट भिलाईकरांना वेगळी समजावून सांगायला नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून या गावाला ठाऊक आहे की लोखंड वितळवणे जितके महत्त्वाचे, तितकेच भट्टीची भिंत थंड ठेवणेही महत्त्वाचे. आत दीड हजार अंशांचा रस उकळत असतो आणि भिंतीतून पाणी सतत फिरत असते. पाणी थांबले तर भट्टीच धोक्यात येते. संगणकाच्या पेटीतही तोच नियम चालतो. पाण्याच्या जागी तिथे हवा असते एवढाच फरक.

खोलीचा पारा आधी विचारात घ्या

बाजारातल्या बहुतेक कूलरांची कामगिरी २०-२५ अंशांच्या खोलीत मोजलेली असते. भिलाईच्या उन्हाळ्यात तो हिशेब कोलमडतो. कोणताही हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर कमी करतो.

एक सोपे गणित पाहा. समजा, एक साधा कूलर दर वॉटमागे अर्धा अंश अंतर ठेवतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरवर पूर्ण भार आला तर हे अंतर साडेबत्तीस अंश होईल. डिसेंबरमध्ये खोली २२ अंशांवर असेल तर प्रोसेसर ५४-५५ अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तोच प्रोसेसर, तोच कूलर ७२-७३ अंशांवर जाईल. त्यात धुळीने कूलरचे पंखे-पाती चोंदलेली असतील तर आणखी दहा-पंधरा अंश सहज चढतील.

म्हणूनच पुण्यातल्या किंवा बंगळूरमधल्या भाच्याने सुचवलेला छोटासा, सुबक कूलर तिथे गुण्यागोविंदाने चालेल, पण इथे मे महिन्यात धापा टाकेल. भिलाईसाठी, आणि तसे पाहता नागपूर, चंद्रपूर, अकोल्यासाठीही, गरजेपेक्षा एक पायरी मोठा कूलर घ्यावा. मोठा कूलर हळू फिरूनही काम उरकतो, आणि हळू फिरणारा पंखा हाच शांत पंखा.

साधारण किती तापमान चालते? इंटेलचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे कोअर मालिकेतले बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. भार असताना ते ७५-८० अंशांच्या आत राहिले तर चिंता नको. एएमडीच्या फिनॉम आणि एफएक्स मालिकांची मर्यादा मात्र बरीच खाली, ६०-७० अंशांच्या घरात असते. त्यांच्या बाबतीत जास्त उदार मनाने कूलर निवडावा.

आवाज नक्की कोणाचा?

खरेदीआधी हे शोधून काढणे सर्वांत महत्त्वाचे. पेटीतून येणारा प्रत्येक आवाज प्रोसेसरच्या पंख्याचाच असतो असे नाही. वीजपुरवठ्याच्या डब्यात एक पंखा असतो, पेटीच्या मागे एक असतो, ग्राफिक कार्ड असेल तर त्याच्यावर आणखी एक. शिवाय जुनी हार्ड डिस्क असतेच. कूलर बदलून आणला आणि आवाज तसाच राहिला, असे बऱ्याच घरांत होते.

पेटीची बाजूची पट्टी काढून संगणक सुरू करावा. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाशी आणि दुसरे टोक एकेका पंख्याजवळ न्यावे. ते पात्याला लागू देऊ नये. गुन्हेगार चटकन सापडतो. सतत वाऱ्यासारखा 'सूं' आवाज म्हणजे पंखा वेगात फिरतो आहे. खरखर किंवा गुरगुर म्हणजे त्याचे बेअरिंग झिजले आहे. थांबून थांबून येणारी 'टक-टक' हार्ड डिस्कची असेल तर कूलरचा विचार बाजूला ठेवून आधी घरातले फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. ती टक-टक बहुधा डिस्कच्या शेवटाची सूचना असते, आणि मुंजीचे, बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

कुठे अडते?

प्रोसेसरचाच पंखा दोषी निघाला तर दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

पहिली, सॉकेट. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचे नाव. इंटेलचे २००४ पासूनचे ७७५ सॉकेट असेल तर कूलर बसवण्याच्या भोकांतले अंतर ७२ मिलिमीटर असते. २००९ नंतरच्या ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांत ते ७५ मिलिमीटर आहे. २०२१मध्ये आलेल्या १७०० सॉकेटात ते ७८ झाले. तीनच मिलिमीटरचा फरक, पण त्यापायी कूलर बसत नाही. आज दुकानात मिळणाऱ्या काही नव्या कूलरांच्या खोक्यात ७७५ साठीच्या पट्ट्या येतच नाहीत. खोक्यावरची यादी वाचूनच पैसे द्यावेत. एएमडीच्या जुन्या मंडळींचे त्या मानाने बरे. एएम२ पासून एएम३+ पर्यंत कडी अडकवण्याची एकच पद्धत चालत आली आणि २०१६च्या एएम४ मध्येही तशा कडीचे बहुतेक कूलर चालतात.

दुसरी, वॉट. प्रोसेसरचे नाव पाहून त्याचा आकडा शोधावा. कोअर २ ड्युओ ई७५०० किंवा कोअर आय३-२१०० असेल तर ६५ वॉट, कोअर आय५-२५०० असेल तर ९५ वॉट, एएमडीचा एफएक्स-८३५० असेल तर १२५ वॉट. ६५ वॉटसाठी ९२ मिलिमीटर पंख्याचा, तांब्याच्या नळ्या असलेला छोटा मनोरा पुष्कळ झाला. ९५ आणि त्यापुढे १२० मिलिमीटरचा पंखा असलेला मनोरा घ्यावा.

तिसरी, उंची. १२० मिलिमीटर पंख्याचे मनोरे १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. ते रुंद पेटीत मावतात, अरुंद पेटीची झाकणपट्टी मात्र लागत नाही. प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून पेटीच्या कडेपर्यंत पट्टीने मोजावे आणि त्यातून पाच मिलिमीटर वजा करावेत. कार्यालयातून लिलावात निघालेल्या बारक्या, आडव्या पेट्यांत तर बुटकाच कूलर लागतो.

चौथी, पंख्याची जोडणी. जोडाला चार टाचण्या असतील तर मदरबोर्ड पंख्याचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करू शकतो. तीनच टाचण्यांचा पंखा चार टाचण्यांच्या जुन्या बोर्डावर बऱ्याचदा सदैव पूर्ण वेगाने फिरत राहतो. म्हणजे शांत पंखा आणूनही घरघर कायम. नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत आणखी एक गोम असते. काहींची जोडणी वेगळीच असते, आणि कंपनीचा पंखा दिसला नाही तर संगणक सुरू होताना दर वेळी तक्रारीचा संदेश देतो. अशा वेळी त्याच मॉडेलचा पंखा शोधणे शहाणपणाचे.

शांततेचे साधे शास्त्र

पंख्याचा आवाज त्याच्या वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळजवळ अर्धा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या उताराचे मोल कळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शिकेत झोपण्याच्या खोलीसाठी सुचवलेली पातळी ३० डेसिबल आहे. जुना ८० मिलिमीटरचा, मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा पंखा ती सहज ओलांडतो.

आता १२० मिलिमीटरचा पंखा पाहा. त्याचे क्षेत्र ८० मिलिमीटरच्या सव्वादोन पट. तेवढीच हवा तो कितीतरी कमी फेऱ्यांत ढकलतो. घरातल्या छताच्या पंख्याचा आणि टेबल फॅनचा फरक आठवला तर हे चटकन पटेल.

बेअरिंगही विचारावे. साधे स्लीव्ह बेअरिंग स्वस्त आणि सुरुवातीला शांत असते, पण उष्णतेत त्याचे वंगण लवकर सुकते. बॉल बेअरिंग टिकते, पण थोडे कुरकुरते. फ्लुइड बेअरिंग थोडे महाग असले तरी शांतही असते आणि टिकतेही. भिलाईच्या हवेत चार पैसे जास्त घालायचे तर इथेच घालावेत. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीच्या अंतरावरून मोजते. रंगीत दिव्यांनी तर आवाज कमी होत नाही, किंमत तेवढी वाढते.

आधी झाडू, मग खरेदी

पुष्कळदा नव्या कूलरची गरजच नसते. पोलाद कारखान्याच्या गावात बारीक धूळ कशी बसते हे सकाळी पुसलेल्या खिडकीची संध्याकाळी अवस्था पाहिली की कळते. तीच धूळ कूलरच्या पात्यांत गादीसारखी जमते. हवा जायला वाट उरत नाही, मग पंखा जोरात फिरतो आणि घरघर वाढते.

वीज काढून, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ सोडवून फुंकणीने उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग बिघडते. स्लीव्ह बेअरिंगचा पंखा खरखरत असेल तर मधल्या चिकटपट्टीखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकण्याचा जुना उपाय काही आठवडे निभावून नेतो. तो टिकाऊ नाही, पण मुलाची परीक्षा पार पडते.

दुसरी स्वस्त दुरुस्ती म्हणजे थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांच्यात हा लेप असतो. आठ-दहा वर्षांत तो सुकून खडूसारखा होतो आणि उष्णता पुढे जाऊ देत नाही. कूलर काढून जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसावा. मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढा नवा लेप ठेवावा. पोळीला तूप माखावे तसा जाड थर देऊ नये.

कूलर काढताना घाई नको. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरच्या टाचण्या खालच्या बाजूला असतात. थंड, सुकलेल्या लेपासह कूलर सरळ ओढला तर प्रोसेसरच उपटून येतो आणि टाचण्या वाकतात. आधी संगणक दहा मिनिटे चालवून कोमट करावा, बंद करून वीज काढावी, मग कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावा. इंटेलमध्ये टाचण्या खालच्या खाचेत असतात. तिथे बोट किंवा कापड नेऊच नये. हात थरथरत असतील तर सुपेला बाजारातल्या माहितीच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे, पण समोर बसून.

खिडकीतला कूलर आणि टेबलाखालचा कूलर

या दोन कूलरांचे नातेही सांभाळायला हवे. पाण्याच्या कूलरचा गार झोत संगणकाला मिळाला तर बरे, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. पाणी जड असेल तर त्यातले क्षार बोर्डावर बसतात आणि ओलसर धूळ चिखलासारखी चिकटते. संगणक त्याच खोलीत असावा, पण झोताच्या रेषेत नसावा. पेटी भिंतीला चिकटवू नये. मागे किमान वीतभर जागा सोडावी. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेल्या पेटीला कितीही महाग कूलर लावला तरी तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो.

पंख्याचा वेग ठरवण्याची सोय बहुतेक बोर्डांच्या बायोसमध्ये असते. हिवाळ्यात तो शांत ठेवावा आणि होळी झाली की एक पायरी वाढवावा. दिवाळीला कमी केलेला वेग मे महिन्यात तसाच विसरला तर संगणक ऐन कामात मंदावतो.

खर्च करावा की नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०१७ नंतरच्या प्रोसेसरवर. त्यामुळे जुन्या संगणकावर किती पैसे घालावेत हा प्रश्न रास्त आहे.

संगणक फक्त पत्रे, हिशेब, मुलांचे टंकलेखन, जुने फोटो यांसाठी असेल आणि लिनक्ससारखी मोफत प्रणाली शिकायची तयारी असेल, तर साफसफाई आणि लेप एवढा दोन-तीनशेचा खर्च नक्की करावा. पंखा झिजला असेल तर शक्य तिथे फक्त पंखाच बदलावा. मनोऱ्यावरचे पंखे बहुतेक सुटे निघतात. इंटेलच्या मूळ गोल कूलरवरचा पंखा मात्र त्याच्याच चौकटीत घडवलेला असल्याने तिथे अख्खा कूलर बदलणे सोपे पडते. नव्या मनोऱ्यासाठी साधारण दीड-दोन हजारांची तयारी ठेवावी. पण संगणकाची बाजारात जेवढी किंमत येईल तिच्या निम्म्याहून जास्त पैसे कूलरवर जाणार असतील, तर थांबावे. नव्या संगणकावरही बसेल असा कूलर मिळत असेल तरच अपवाद करावा. आणि बँकेचे व्यवहार त्यावर होत असतील तर कूलरआधी प्रणालीचा प्रश्न सोडवावा.

खरेदीला जाताना हा कागद खिशात ठेवा

• आवाज प्रोसेसरच्याच पंख्याचा आहे याची खात्री केली.
• महत्त्वाचे फोटो-कागदपत्रे दुसरीकडे उतरवली.
• धूळ काढली, लेप बदलला, तरीही आवाज आहे.
• सॉकेटचे नाव, वॉट, मोकळी उंची आणि पंख्याच्या टाचण्या लिहून घेतल्या.
• पंखा ९२ किंवा १२० मिलिमीटरचा, चार टाचण्यांचा, शक्यतो फ्लुइड बेअरिंगचा.
• बसला नाही तर परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारले.

यंत्र जुने झाले म्हणून निकामी होत नाही. भिलाईच्या कारखान्यात कित्येक यंत्रांनी माणसांच्या दोन पिढ्या निवृत्त होताना पाहिल्या. वेळच्या वेळी वंगण, साफसफाई आणि योग्य जागी योग्य सुटा भाग एवढ्यावर ती चालत राहिली. घरातल्या संगणकालाही एवढेच हवे असते. ते मिळाले तर रात्री मुलाचा अभ्यासही होईल आणि पलीकडच्या खाटेवर आजोबांना झोपही लागेल.